चाकांवरचे घर घेताना : आधी वास, मग किंमत

मोटारीच्या मागे जोडून न्यायचे फिरते घर अमेरिकेच्या रस्त्यांवर जागोजागी दिसते. त्याला स्वतःचे इंजिन नसते, पण आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर, शौचालय असे सगळे असते. इंजिन असलेली आणि नसलेली अशी सारी फिरती घरे मिळून तिकडे ‘आरव्ही’ या नावाने ओळखली जातात. त्यांतले मागे ओढायचे ते ट्रॅव्हल ट्रेलर. करोनाकाळात हॉटेले आणि विमाने टाळणाऱ्यांनी त्यांना इतकी मागणी दिली की २०२१ या एका वर्षात कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या. त्या लाटेतले अनेक ट्रेलर आता जुन्या बाजारात आले आहेत.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे चाकांवरचे घर खुणावते. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात, मुलांना सुट्टी असते, राष्ट्रीय उद्याने पाहायची असतात आणि आजी-आजोबांना रोजचे बाहेरचे जेवण नको असते. मग शोरूममधला चकचकीत ओटा, गुबगुबीत सोफा आणि मोठा टीव्ही पाहून व्यवहार ठरतो. गैरसोय एवढीच की ट्रेलरचा दर्जा या तीन गोष्टींत नसतो. तो असतो फळ्यांच्या डिंकात, छपराच्या सांध्यांत आणि भिंतीच्या आत, म्हणजे जिथे नजर जात नाही तिथे. आणि तो वाईट असला तर फटका केवळ खिशाला बसत नाही, फुप्फुसांनाही बसतो.

कॅटरिनाने शिकवलेला धडा

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ लुइझियाना आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आदळले. लाखो लोक बेघर झाले. आपत्तीच्या काळात मदत करणाऱ्या ‘फेमा’ या केंद्रीय संस्थेने त्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी सुमारे १ लाख ४५ हजार ट्रेलर आणि फिरती घरे विकत घेतली. मागणी अचानक वाढली, कारखाने अहोरात्र चालू लागले.

२००६ उजाडताच तक्रारी येऊ लागल्या. डोळे चुरचुरतात, घशात आग होते, नाकातून रक्त येते, मुलांचा खोकला थांबत नाही. आत शिरताच डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास येतो. हा वास होता फॉर्माल्डिहाइड या वायूचा. तपासणी करून उपाय करण्याऐवजी फेमाच्या कायदा विभागाने चाचण्या टाळण्याचा सल्ला दिला होता. चाचणी केली तर जबाबदारी अंगावर येईल, अशी ती भीती होती. जुलै २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर ही अंतर्गत पत्रे उघड झाली.

अखेर ‘सीडीसी’ या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये, लोक राहत असलेल्या ५१९ ट्रेलर आणि फिरत्या घरांतली हवा तपासली. फॉर्माल्डिहाइडचे सरासरी प्रमाण हवेच्या दर अब्ज भागांत ७७ भाग इतके निघाले. काही घरांत ते ३ इतके कमी होते, तर एका ठिकाणी ५९०. साध्या घरांत हे प्रमाण साधारण १० ते २० असते. शिवाय या चाचण्या हिवाळ्यात झाल्या होत्या आणि बरीच घरे तोवर दोन वर्षांची झाली होती. नव्या घरात, ऐन उन्हाळ्यात हे प्रमाण याहून जास्त असणार, असे सीडीसीनेच सांगितले. पुढे २०१२ मध्ये रहिवाशांच्या सामूहिक दाव्यात कंपन्यांनी आणि कंत्राटदारांनी ४ कोटी २६ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

असे का झाले, याचे एक कारण कायद्यातल्या फटीत होते. कायमच्या वास्तव्यासाठी बांधल्या जाणाऱ्या ‘मोबाइल होम’मधल्या लाकडी फळ्यांसाठी फॉर्माल्डिहाइडची मर्यादा अमेरिकेत १९८५ पासूनच लागू होती. ट्रॅव्हल ट्रेलर मात्र कायद्याच्या दृष्टीने घर नव्हते, सहलीचे वाहन होते. त्यामुळे ती मर्यादा त्याला लागू नव्हती. घर म्हणून वापरायचे आणि वाहन म्हणून मोजायचे, या दोहोंच्या मधल्या जागेत माणसे आजारी पडली. ट्रेलर विकत घेणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावे : घरासाठी असलेले संरक्षण त्याला पूर्ण मिळत नाही आणि मोटारीसाठी असलेलेही पूर्ण मिळत नाही.

फळीतून हवेत

ट्रेलर हलका असावा लागतो, नाहीतर मोटार तो ओढणार कशी? म्हणून अस्सल लाकडाऐवजी पातळ प्लायवूड, भुशाचे पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ वापरले जाते. या फळ्या बांधून ठेवणारा डिंक बहुधा युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बनतो. तो स्वस्त असतो आणि लवकर सुकतो. त्याचा दोष असा की उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात आणि वायू मोकळा होतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रेलरमध्ये या दोन्ही गोष्टी भरपूर असतात.

त्यात भर पडते ती आकाराची. साध्या घरात खोली मोठी असते आणि कपाटे त्या मानाने कमी. ट्रेलरमध्ये भिंती, छत, जमीन, कपाटे, पलंगाचा साचा सारे फळ्यांचेच आणि आतली हवा अगदी थोडी. कॅटरिनानंतर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने ट्रेलरमधले साहित्य तपासले, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला : थोड्या हवेत फळ्यांचे फार मोठे क्षेत्रफळ आणि अपुरा वायुवीजनाचा मार्ग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. आठवड्याच्या सहलीने कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही. तो धोका प्रमाणावर आणि वर्षानुवर्षांच्या संपर्कावर अवलंबून असतो. पण डोळे, नाक, घसा यांची जळजळ आणि दमेकऱ्याला होणारा त्रास मात्र एका रात्रीतही जाणवू शकतो. घरात दमा असलेले मूल, गरोदर स्त्री किंवा श्वसनविकार असलेले वडीलधारे असतील, तर हा मुद्दा रंगसंगतीच्या आधी यायला हवा.

कॅटरिनाचा धडा कायद्यात उतरायला वेळ लागला. २०१० मध्ये अमेरिकेत लाकडी फळ्यांतून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइडवर मर्यादा घालणारा कायदा झाला आणि २०१८ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. नव्या मोटारींना त्यातून सूट आहे, पण आरव्हींना नाही. म्हणून नवा ट्रेलर घेताना कपाटे आणि फळ्या ‘टीएससीए टायटल सहा’ या नियमात बसतात का, हे विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. या नियमाने त्रास कमी होतो, शून्यावर येत नाही. फळ्या नियमात बसणाऱ्या असल्या तरी लहानशा बंद जागेत त्या खूप असतात, हे गणित बदलत नाही.

नवा की जुना?

‘नवा घ्यावा म्हणजे कटकट नाही’ हा आपला सर्वसाधारण समज. ट्रेलरच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. फळ्यांतला वायू पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक निघतो आणि पुढे कमी होत जातो. त्या दृष्टीने चार-पाच वर्षे वापरलेला ट्रेलर बरा. उलट जुन्यात पाणी शिरलेले असण्याची शक्यता वाढते. थोडक्यात, नव्यात हवा तपासावी आणि जुन्यात ओल.

नव्याची दुसरी अडचण घाईची. अमेरिकेतल्या पाचपैकी चारहून अधिक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या भागात बनतात. तिथल्या अनेक कारखान्यांत कामगारांना वेतन तासावर नव्हे, तर किती गाड्या पुऱ्या केल्या यावर मिळते. हात जितके भराभर चालतील तितका दिवस लवकर संपतो. कारागीर कुशल असले तरी अशा पद्धतीत एखादा सांधा कोरडा राहणे, नळाची चूड ढिली राहणे, स्क्रू लाकडाऐवजी पोकळीत जाणे हे घडते. म्हणून ‘नवा आहे, तपासायचे काय?’ हा प्रश्नच मनातून काढून टाकावा.

नव्या ट्रेलरची हवा तपासायची सोपी रीत अशी. तो काही तास, शक्य झाल्यास रात्रभर, खिडक्या-दारे बंद ठेवून उभा असावा. विक्रेते पाहुणे येण्याआधी सगळे उघडून ठेवतात, म्हणून आधीच तसे सांगून ठेवावे. मग दार उघडताच आत जाऊन दोन-तीन मिनिटे उभे राहावे. पहिल्या काही श्वासांत आलेला अनुभव खरा, कारण नाक लवकर सरावते. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर ‘नव्या गाडीचा वास’ म्हणून सोडून देऊ नये. कपाटे आणि पलंगाखालचे कप्पे उघडून तिथेही वास घ्यावा. सुगंधी फवारा मारलेला असेल तर आणखी सावध व्हावे. घरात कुणाला दमा असेल तर प्रयोगशाळेत पाठवायचे नमुनापट्ट मिळतात, त्यावर थोडा खर्च करणे परवडते.

घेतल्यावरही पहिल्या उन्हाळ्यात भरपूर हवा खेळती ठेवावी. छतावरचा पंखा आणि समोरची खिडकी एकदम उघडली तर आतली हवा लवकर बदलते. कपाटांची दारे उघडी ठेवावीत. सुगंधी वड्या किंवा अगरबत्ती लावून वास झाकला जातो, वायू जात नाही, उलट धुराची भर पडते.

ओल : ट्रेलरचा छुपा आजार

घर एका जागी उभे असते. ट्रेलर मात्र ताशी नव्वद-शंभर किलोमीटरने, खड्ड्यांतून, वाऱ्यातून धावतो. त्याचा प्रत्येक सांधा तासन्‌तास हादरत असतो. छप्पर बहुधा रबराच्या पातळ थराचे असते आणि त्याला पंखा, एसी, नळीचे तोंड, उजेडाची झडप अशी अनेक भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकाभोवती सीलंट लावलेले असते. ऊन, थंडी आणि हादऱ्यांनी ते तडकते. वर्षातून निदान दोनदा छप्पर तपासून ते पुन्हा भरावे लागते. आधीच्या मालकाने हे केले नसेल तर पावसाचे पाणी थेंबाथेंबाने भिंतीत उतरते.

भिंतीच्या आत पाणी शिरले की बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. आतले लाकूड मात्र कुजत असते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला घर मिळते. बुरशीचे बीजाणू आणि दमट भिंतीवरचे सूक्ष्मजीव यांमुळे खोकला, शिंका, नाक चोंदणे आणि दम्याचे झटके वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती याच कारणाने. आणि ओल लागलेल्या फळीतून फॉर्माल्डिहाइडही अधिक सुटतो. म्हणजे जुन्यातला पाण्याचा प्रश्न पुन्हा हवेच्या प्रश्नाकडे येतो.

तपासणी करताना नजरेपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. छताचे चारही कोपरे, खिडक्यांखालच्या जागा, वरच्या कपाटांच्या आतले कोपरे, दाराच्या उंबऱ्याजवळची जमीन, शौचालयाच्या भांड्याभोवतीचा भाग इथे अंगठ्याने दाबून पाहावे. फळी दबली, कुरकुरली, ओलसर लागली तर आत कुजणे सुरू आहे. भिंतीवर पिवळे-तपकिरी डाग, कागद सुटलेला, स्क्रूला गंज चढलेला, या सगळ्या पाण्याच्या खुणा. बाहेरून फायबरग्लासच्या भिंतीकडे तिरप्या नजरेने, उन्हाच्या कडेने पाहावे. फुगवटे दिसले तर आतला थर सुटला आहे. ही दुरुस्ती इतकी महाग असते की कधीकधी जुन्या ट्रेलरच्या किमतीपेक्षा ती जास्त होते.

बटण दाबल्यावर भिंतीतून बाहेर सरकणारी खोली अनेक ट्रेलरांत असते. तिने जागा वाढते, पण तिच्या चारही बाजूंची रबरी पट्टी हा पाण्याचा आवडता रस्ता. ती खोली दोन-तीनदा आत-बाहेर करून पाहावी आणि तिच्या जमिनीचे कोपरे खालून दाबून पाहावेत.

ओल मोजणारे छोटे यंत्र बाजारात सहज मिळते. दोन सुया असलेले हे यंत्र कोपऱ्यांत टेकवले की आकडा दिसतो. ट्रेलरच्या मधल्या, निर्धोक भागातला आकडा आधी पाहावा आणि मग कोपऱ्यांतला. फरक मोठा असेल तर विक्रेत्याच्या स्पष्टीकरणापेक्षा यंत्राचे ऐकावे. नुकताच रंग दिलेले छत, एकाच कोपऱ्यात नवा कागद, फक्त एका भागात नवी गालिचापट्टी, अशा ठिकाणी यंत्र आधी लावावे.

पुराच्या प्रदेशातून आलेल्या ट्रेलरांची गोष्ट वेगळी. मोठ्या वादळानंतर पाण्यात बुडालेली वाहने साफ करून दूरच्या राज्यांत विकली जातात. फेमाचे ते ट्रेलरही पुढे लिलावात गेले. त्यांवर ‘राहण्यासाठी वापरू नये’ अशी पट्टी चिकटवलेली होती, तरी २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या सफाईवर आलेल्या कामगारांना त्यांतलेच काही राहायला मिळाल्याचे उघडकीला आले. पट्टी काढायला एक नख पुरते. म्हणून २००५-०६ च्या सुमाराचा, साधा, पांढरा आणि संशयास्पद स्वस्त ट्रेलर दिसला तर त्याचा इतिहास काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उंदरांची लेंडी आणि फुप्फुसे

हिवाळाभर बंद पडलेला ट्रेलर उंदरांना फार आवडतो. जमिनीखालच्या नळ्यांच्या भोकांतून ते शिरतात आणि भिंतीतल्या कापसात घर करतात. अमेरिकेत रानउंदरांच्या लेंडीतून आणि मूत्रातून हंटा विषाणू पसरतो. वाळलेली लेंडी झाडताना उडणारी धूळ श्वासात गेली की संसर्ग होतो. २०१२ मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मुख्यतः तंबूवजा खोल्यांत राहिलेल्या १० पर्यटकांना हा आजार झाला आणि तिघांचा मृत्यू झाला. त्या खोल्यांच्या दुहेरी भिंतींत उंदरांनी घरटी केली होती.

म्हणून ट्रेलर पाहताना ओट्याखालचे खण, पलंगाखालचे कप्पे आणि वायरी जातात ती भोके टॉर्चने पाहावीत. लेंडी दिसली तर झाडू किंवा व्हॅक्युम लावू नये. दारे-खिडक्या अर्धा तास उघडून ठेवाव्यात, हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे मिश्रण शिंपडून पाच मिनिटे ठेवावे आणि मग ओल्या कागदाने पुसून घ्यावे.

जाळ, विजेचा शॉक आणि चाके

ट्रेलरचा स्वयंपाक, पाणी तापवणे, खोली ऊबदार ठेवणे आणि बऱ्याचदा फ्रीजही प्रोपेन गॅसवर चालतो. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, झोप येणे ही लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखी वाटतात आणि माणूस झोपेतच जातो. हा धोका फक्त तिकडचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले, तेव्हा जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात पुढे आले. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, तेव्हा भाड्याने अशी गाडी घेणाऱ्यानेही हा परिच्छेद स्वतःसाठीच समजावा.

ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा असे दोन्ही इशारे देणारी यंत्रे असायला हवीत. त्यांना मुदत असते, साधारण पाच ते सात वर्षे. मागच्या बाजूला छापलेली तारीख पाहावी. मुदत संपलेले यंत्र दिवा लावते, पण भरवशाचे राहत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचे यंत्र जमिनीलगत असावे. गॅसच्या नळ्यांची दाबचाचणी तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. फ्रीजच्या मागच्या झडपेतून डोकावून पिवळी भुकटी दिसते का, अमोनियाचा वास येतो का, हे पाहावे. तसे असल्यास फ्रीजची शीतप्रणाली गळते आहे. तो बदलावाच लागतो आणि चालू ठेवणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे असते.

वीज जोडल्यावर ट्रेलरच्या धातूच्या बॉडीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग सदोष आहे. पाय ओले असताना असा शॉक जिवावर बेतू शकतो. विक्रेता ‘हे सगळ्यांतच थोडेसे असते’ म्हणाला तर तिथून निघावे.

टायर पाहताना नक्षी किती उरली यापेक्षा जन्मतारीख महत्त्वाची. टायरवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर येणारे शेवटचे चार अंक पाहावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभा असतो, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर आतून कडक होते. पाच-सहा वर्षांपुढचे टायर किंमत ठरवताना बदललेलेच धरावेत. वजनाची पाटीही वाचावी. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की १५० किलो वजन एकदम वाढते, त्यावर भांडी, खुर्च्या, तांदळाची पोती. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. तो कमी झाला तर ट्रेलर मागे डुलू लागतो आणि मोटारीलाही घेऊन जातो.

कागदांवर किती विसंबावे?

दाराजवळ ‘आरव्हीआयए’ची चौकोनी पट्टी दिसते. आग, वीज, नळ आणि गॅस यांविषयीच्या सुरक्षा मानकांप्रमाणे गाडी बनवली आहे, असे उत्पादक त्या पट्टीने सांगतो. कपाट सरळ बसले आहे, छप्पर गळणार नाही, असे ती सांगत नाही. ती असावी, पण दर्जाचा दाखला मानू नये.

वाहनाचा १७ अंकी-अक्षरी क्रमांक अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की सुरक्षेच्या दोषामुळे कंपनीने परत बोलावलेले भाग कळतात. तो शोध फुकट असतो आणि दुरुस्तीही कंपनीला फुकट करून द्यावी लागते. मालकीच्या कागदावर ‘सॅल्व्हेज’ किंवा पुराची नोंद आहे का, तेही पाहावे.

सदोष मोटार परत घ्यायला लावणारे ‘लेमन’ कायदे अमेरिकेत राज्याराज्यांत आहेत, पण त्यांतले बरेच ओढायच्या ट्रेलरला लागू होत नाहीत. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या हमीपत्रात कायमचे वास्तव्य बसत नाही. घरभाडे वाचवण्यासाठी वर्षभर ट्रेलरमध्ये राहायचे ठरवणाऱ्याने ही अट आधी वाचावी, कारण नेमकी तिथेच हमी तुटते. राज्याचा कायदा आणि हमीपत्र हे दोन्ही व्यवहाराआधी वाचायचे कागद आहेत, नंतर शोधायचे नाहीत.

शेवटचा आणि सगळ्यांत फायद्याचा खर्च म्हणजे स्वतंत्र तपासनीस. विक्रेत्याने सुचवलेला नव्हे, आपण शोधलेला. तो छपरावर चढतो, नळ्यांत दाब भरतो, ओल मोजतो, गॅस आणि वीज तपासतो आणि छायाचित्रांसह अहवाल देतो. त्याचे शुल्क एका कुजलेल्या कोपऱ्याच्या दुरुस्तीपुढे किरकोळ असते. व्यवहाराच्या करारात ‘तपासणी समाधानकारक झाल्यास’ ही ओळ घालून घ्यावी. आढळलेले दोष लिहून त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी आणि ते दुरुस्त होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. पैसे दिले की दुरुस्तीची रांग लांबते, आणि हंगामात ती महिनोन्‌महिने लांबते.

ताबा घेताना आणखी एक करावे. पहिली रात्र विक्रेत्याच्याच आवारात ट्रेलरमध्ये झोपावे. पाणी, वीज, गॅस सगळे लावावे, अंघोळ करावी, चुलीवर फोडणी द्यावी, रात्री खिडक्या लावून घ्याव्यात. सकाळी उठल्यावर डोके जड आहे का, डोळे लाल आहेत का, अंथरुणाखाली ओल आहे का, ओट्याखाली पाणी साचले आहे का, हे पाहावे. दोष निघालाच तर दुरुस्त करणारा पन्नास पावलांवर असतो आणि व्यवहारात बोलायची ताकद अजून आपल्याकडे असते.

चांगला विक्रेता यातल्या कुठल्याही मागणीला नाही म्हणत नाही. जो दार आधीच उघडून ठेवायचा हट्ट धरतो, छपरावर चढू देत नाही किंवा ‘आज सही केली तरच हा भाव’ म्हणतो, त्याच्याकडचा ट्रेलर कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. बाजारात दुसरा मिळतो. ज्या लहानशा खोलीत आपली मुले आणि आई-वडील रात्रभर श्वास घेणार आहेत, तिची हवा आणि भिंती तपासायला एक दिवस आणि थोडे पैसे लागले, तर ते प्रवासखर्चातच धरावेत.